अकरा वर्षांचं तेल

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. सोफ्यावर चादर असते आणि चादर मळू नये म्हणून तिच्यावर दुसरी, जुनी चादर. फ्रिजच्या दाराला कंपनीनं चिकटवलेला पातळ पारदर्शक कागद काढायला मी एकदा नख लावलं, तर बाबा जेवता जेवता उठून आले. निरोपसमारंभात मिळालेलं सफारीचं कापड अकरा वर्षं कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. मी विचारलं, की बाबा, हे वापरायचं कधी? तर म्हणतात, "वापरू की. घाई काय हाय?"

हे माझे बाबा, निवृत्ती भद्रे, राहणार नांदेड, वय एकोणसत्तर. पोलीस खात्यात आर्मोरर होते. लोकांना वाटतं आर्मोरर म्हणजे धाडधाड गोळ्या झाडणारा कुणीतरी. नाही. गोळ्या झाडणारे वेगळे. त्यांच्या रायफली उघडून, पुसून, तेल देऊन, स्प्रिंग बदलून परत जागेवर लावणारा तो आर्मोरर. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बंदुका सांभाळल्या, आणि त्यातली जेवढी कमी उडेल तेवढं त्यांना बरं वाटे. सरावाहून रायफली परत आल्या की ते नळीत डोकावून असा चेहरा करायचे, जसा आई शेजारणीला दिलेली पितळी परात परत आल्यावर करते.

मी बुद्धप्रिया, त्यांची एकुलती एक मुलगी. इथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. वय तेहेतीस, लग्न केलेलं नाही. ही शेवटची माहिती मी आपण होऊन कुणाला देत नसते, पण पुढं तिचं काम पडणार आहे.

बाबांच्या नोकरीची शेवटची वर्षं लातूरला गेली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपापल्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. २०१४ मध्ये अशाच जमा झालेल्या बंदुकांत शिरूर अनंतपाळहून बारदानात गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू आली. बाबांनी बारदान सोडलं आणि त्या दिवशी जेवायला घरी आलेच नाहीत. जुनी लष्करी ठासणीची रायफल होती. पुढून दारू भरायची, गजानं ठासायची, मागं तांब्याची बारीक टोपी बसवायची आणि घोडा पाडायचा, असा तो प्रकार. दस्त्याशेजारी मुकुटाचा छाप, खाली १८५९ हा आकडा, आणि वर इतका गंज की घोडा नळीला चिकटून बसला होता. नळीच्या आत मात्र गोळीला फिरकी देणारे तीन आटे होते. म्हणून तिला बंदूक म्हटलेलं बाबांना अजून खपत नाही. "बंदूक न्हवं ती. रायफल हाय. आट्याची हाय," असं ते बँकेतल्या रांगेतसुद्धा सांगतील.

रायफलचे मालक आप्पासाहेब साकोळकर. शिरूर अनंतपाळला त्यांची शेती, मोठी मिशी, आणि त्याहून मोठा आवाज. हिंगोलीची छावणी मोडली तेव्हा आपल्या आजोबांनी ती लिलावात घेतली, असं ते सांगतात. दुसऱ्या वर्षी तोच लिलाव औंढ्याला होतो, तिसऱ्या वर्षी आजोबांना ती बक्षीस मिळालेली असते. बाबांना या गोष्टीचं काही पडलेलं नव्हतं. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात हातात तेलाची बाटली घेऊन शिरूरला गेले. नांदेड ते अहमदपूर, अहमदपूर ते उदगीर, उदगीर ते शिरूर अनंतपाळ, तीन एसट्या. तेव्हापासून दरवर्षी दिवाळीनंतर ते जातात, आप्पासाहेबांच्या समोर बसून दोन दिवस रायफल उघडतात आणि परत येतात. पहिल्या वर्षी त्यांना चहा ओसरीवर आला, वेगळ्या कपात. तिसऱ्या वर्षी तुळजाबाईंनी, म्हणजे आप्पासाहेबांच्या पत्नीनं, आत चुलीपाशी बसवून भाकरी वाढली. मधल्या वर्षी काय झालं ते दोघंही मित्र सांगत नाहीत. मी खोदून विचारलं तर बाबा म्हणाले, "काय न्हाई. कप फुटला."

अकरा वर्षं दोघांचं एकच भांडण. आप्पासाहेब म्हणायचे, "निवृत्तीराव, आता एवढी देखणी केली, तर एकदा बार होऊन जाऊ द्या." बाबा म्हणायचे, "दीडशे वर्षांच्या पोलादाचा काय भरवसा? जपायची चीज हाय ती." आप्पासाहेब म्हणायचे, की बंदूक उडत नसेल तर ती आणि मुसळ सारखंच. बाबा म्हणायचे, की उडून फुटली तर मुसळाइतकीसुद्धा उरायची नाही. मग तुळजाबाई दोघांच्या ताटात आणखी भाकरी टाकायच्या आणि वाद पुढच्या वर्षावर जायचा.

यंदा मात्र तो पुढं ढकलता येईना. आप्पासाहेबांना ब्याऐंशीवं लागलं. परवान्याच्या कार्यालयातून कागद आला, की वारसाच्या नावावर करा, नाहीतर रायफल सरकारजमा करा, नाहीतर नळीला भोक पाडून, चाप जाम करून, ती निकामी झाल्याचा दाखला घ्या आणि खुशाल भिंतीवर टांगा. मुलगा पुण्याला असतो. त्यानं फोनवरच हात झटकले. फ्लॅटमध्ये रायफल कुठं ठेवू म्हणाला. उरली नात, तनुजा. ती लातूरला कृषी महाविद्यालयात शिकते आणि तिथल्या एका रायफल क्लबात नेम मारते. तिनं सरळ सांगितलं, "आजोबा, ती उडत असेल तर परवाना मी घेते. भोक पाडलेली नळी मला नको." आणि उडेल की नाही हे सांगणारा माणूस लातूर-नांदेडच्या पट्ट्यात एकच होता. तो आमच्या घरी, दोन चादरींच्या सोफ्यावर बसला होता.

बाबांना आता थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर ते दोन गल्ल्यांना पुरेल एवढ्या आवाजात बोलतात. त्या गुरुवारी मी शाळेत होते. आई, म्हणजे धुरपताबाई, स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. पलीकडचं तिला ऐकू आलं नाही. अलीकडचं आलं ते असं:

"हाव, आप्पासाहेब... वय झालंय तिचं, ते मला कळत न्हाई का?... पर एवढे दिवस जपली म्या, कुणाला हात लावू दिला न्हाई... पुण्याच्यांना नको तर नको, जाऊ द्या. तनुजाला पसंत हाय म्हणता ना?... दिसायला काय, कुणीबी बघत ऱ्हाईल, आतून कशी हाय ते बघाया पायजे... बरं. बरं. तुमचंच खरं. पुढच्या ऐतवारी उडवून टाकू बार. माणसं तुमची, मैदान तुमचं. बुद्धप्रियालाबी घिऊन येतो संगं."

आता मी मराठीची शिक्षिका आहे, म्हणून सांगते, यात आईची काडीचीही चूक नाही. आपल्या भाषेत लग्नाचाही बारच उडतो. आणि बंदूक आणि रायफल या दोन्ही स्त्रीलिंगी. हे मी आठवीला शिकवते, पण त्याचा असा उपयोग होईल असं कुठल्याही व्याकरणात लिहिलेलं नाही.

संध्याकाळी मी घरी आले तर दारात चपलांचा ढीग. खालच्या पारूबाई पेढा भरवायला पुढं आल्या. हदगावची सरजामावशी, आईची धाकटी बहीण, दुपारच्या बसनं येऊन दाखल झाली होती, आणि पलंगावर एक मोरपंखी साडी पसरली होती. आईनं मला जवळ घेतलं आणि रडायलाच लागली. "सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मुलगा आप्पासाहेबांचा कोण हाय? तनुजाचा भाऊ का मामा?"

चपला बघून मला वाटलं होतं कुणीतरी गेलं. मग कळलं की मीच निघाले आहे. माझा पारा असा चढला, की मी पेढ्यासकट आत गेले. बाबा खुर्चीवर बसून नखं काढत होते.

"बाबा, तुम्ही माझं लग्न ठरवलंत?"

"कुणाचं?"

"माझं! पुढच्या रविवारी! शिरूर अनंतपाळला!"

बाबा माझ्याकडं बघत राहिले. मग आईकडं, मग मोरपंखी साडीकडं. मग त्यांच्या डोक्यात एकेक वाक्य उलटं फिरायला लागलेलं मला स्पष्ट दिसलं. "अगं... ते रायफलचं बोलून राहिलो होतो मी," ते म्हणाले.

पहिली हसली ती सरजामावशी. तिचं हसणं एकदा सुरू झालं की तिला भिंत धरावी लागते. मग पारूबाई, मग मी. मला हसायचं नव्हतं, मला चांगलं कडकडून भांडायचं होतं, पण 'आतून कशी हाय ते बघाया पायजे' हे मावशीनं बाबांच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि माझा पेढा नाकात गेला. बाबांनी कसंनुसं हसून घेतलं.

आई मात्र हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली, साडीची घडी घालत.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "मला वाटलं, या माणसानं जन्मात एकदा तरी काही ठरवलं. अहो, अकरा वर्षं त्या रायफलीला तेल लावून राहिलात. पोरीला स्थळ आलं की 'बघू, घाई काय'. सफारी शिवा म्हटलं की 'बघू'. ती बया उडती का न्हाई एवढं तरी सांगता येतं का तुम्हाला?"

"उडंल की."

"मग उडवा."

"ऐतवारी म्हणलंय ना मी."

"म्हणलंय. अन् शनिवारी तुमचं पोट दुखणार, मला ठाव हाय."

बाबा पुन्हा नखं काढायला लागले. त्यांच्या नखं काढण्याचे प्रकार मला माहीत आहेत. हा पकडले गेल्याचा प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गच्चीवर गाठलं. म्हटलं, खरं सांगा, अडचण काय आहे? पोलाद खराब आहे का? त्यांनी बराच वेळ लोणच्याच्या बरण्या उन्हात इकडून तिकडं सरकवल्या. मग म्हणाले, की नळीला चीर आहे की नाही हे बघायची एक पद्धत आहे. नळी रॉकेलमध्ये बुडवायची, कोरडी पुसायची आणि वरून खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. केसाएवढी चीर असली तरी लपत नाही.

"मग ही परीक्षा कधी घेतली होती?"

"घेतली न्हाई."

"अकरा वर्षांत?"

"बाई, रेघ उमटली तर?" बाबा म्हणाले. "मग संपलंच. मग म्या अकरा वर्षं मुसळाला तेल लावलं म्हणायचं. न उडवलेली रायफल चांगलीच असते. तिला कोण वाईट म्हणंल?"

मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांच्यावर इतकी माया आली, की दोन्ही एकदम कुठं ठेवू तेच कळेना. खात्यात लोकांनी त्यांना उस्ताद म्हटलं, पण हातानं केलेलं हे एकच काम त्यांचं स्वतःचं होतं. स्प्रिंग त्यांनी घासून बनवली होती, दस्त्याचा तुटलेला तुकडा जुन्या सागाचा जोडला होता, घोड्याचा स्क्रू तीनदा नव्यानं कातला होता. ते सगळं खोटं ठरेल, ही भीती होती. रायफल जपणं हे निमित्त होतं. जपत होते ते स्वतःला. जायच्या आदल्या दिवशी शाळेतून खडूची एक अख्खी पेटी पिशवीत टाकली. हेडमास्तरांनी विचारलं तर मी म्हणाले, शैक्षणिक कामासाठी.

शनिवारी दुपारी आम्ही शिरूर अनंतपाळला पोचलो, आई आणि मावशीसकट. साडी घेतलीच आहे तर बार बघूनच जाऊ, असं मावशीचं म्हणणं पडलं. आप्पासाहेबांना आईनं सगळी हकिकत सांगितली. ते इतके हसले की तुळजाबाईंना पाणी आणावं लागलं. "वैनी," ते आईला म्हणाले, "पोरीचा बार बी उडवू, कवाबी. आधी म्हातारीचा उडू द्या."

अंगणात खाट टाकली. बाबांनी दस्ता सोडवून नळी वेगळी केली आणि रॉकेलच्या पन्हाळीत ठेवली. तासाभरानं काढून फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणखी एकदा पुसली. मग मी खडू कुटून दिला. नळी हळूहळू पांढरी होत गेली. बाबा एकाच जागी पुन्हा पुन्हा खडू चोळत होते हे मी पाहिलं आणि आप्पासाहेबांनीही पाहिलं. ते उगाचच आभाळाकडं बघून यंदाच्या तुरीवर बोलायला लागले.

आम्ही सगळे खाटेभोवती बसलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. नळी पांढरीच. मग लातूरहून सुट्टीला आलेली तनुजा वाकली आणि म्हणाली, "काका, इथं."

मागच्या टोकाला, टोपी बसते त्या बारीक तुकड्याच्या बुडाशी, काळा ओलसर ठिपका उमटला होता. बाबांनी चष्मा लावला. चष्मा काढून भिंग लावलं. बोटानं ठिपका पुसला, पुन्हा खडू लावला. पुन्हा ठिपका. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"चीर न्हाई," शेवटी ते म्हणाले. "तुकड्याच्या पेचातून पाझरतंय. हा तुकडा तर बदलता येतो. म्या नवा कातून ठेवलाय." आणि त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. तिच्यात कापसात गुंडाळलेला नवाकोरा तुकडा होता.

"कधी केला हा?" मी विचारलं.

"सात वर्षं झाली."

आई कपाळाला हात लावून आत निघून गेली.

रविवारी सकाळी आम्ही लातूरजवळच्या त्या क्लबच्या मैदानावर होतो. परवानगीचा कागद तनुजानं आधीच मिळवला होता. एका बाजूला मातीचा उंच बांध, त्याच्यापुढं पुठ्ठ्याचं लक्ष्य. क्लबचे प्रशिक्षक अमरेश सर शिस्तीचे. त्यांनी रायफल बघून "वा" म्हटलं, आणि लगेच अट घातली: पहिले तीन बार लाकडी घोडीला बांधून, दोरीनं चाप ओढून, लांबून. प्रत्येक बारानंतर नळीचा घेर मोजायचा. केसभर जरी फुगली तरी खेळ खलास. त्यानंतरच ती माणसाच्या खांद्याला.

"बराबर," बाबा म्हणाले. हा माणूस त्यांना आवडला.

बाबांनी दारू मापून ओतली, गोळी बसवली, गजानं ठासली, गज बाहेर काढून दोनदा तपासला. तांब्याची टोपी बसवली. आम्ही सगळे घोडीच्या बरंच मागं, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला, कानांना मफलर. मावशी मोरपंखी साडीत. दोरीचं टोक आप्पासाहेबांच्या हातात दिलं तर त्यांनी ते बाबांना दिलं. "मालक म्या असंन," ते म्हणाले, "पर हिच्यावर मेहनत तुमची हाय."

बाबांनी डोळे मिटले आणि दोरी ओढली.

टिक.

एवढंच. फटाकडीतली टिकली फुटावी तेवढा आवाज, एक निळसर सुस्कारा, आणि मग काही नाही. कुठंतरी टिटवी ओरडली.

"फुसका," मावशी हळूच म्हणाली. आईनं तिला कोपरानं ढोसलं.

"कुणी हलू नका," अमरेश सर म्हणाले. कधीकधी आग आत रेंगाळते, म्हणून थांबावं लागतं. आम्ही थांबलो. मी बाबांकडं बघायचं टाळत होते, पण मग बघितलंच. त्यांचा चेहरा पडला होता. आता ते म्हणणार, म्हणलं होतं ना म्या. आता भोक पाडायचं, दाखला घ्यायचा, भिंतीवर टांगायची, आणि तनुजा तोंडानं काही न बोलता परवान्याचा अर्ज फाडणार.

मग बाबांचा चेहरा बदलला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडं पडलं.

"तेल," ते म्हणाले.

"काय?"

"तेल, तेल! भोकात तेल साठलंय. टोपीची आग आत पोचलीच न्हाई. अकरा वर्षं तेल सोडून राहिलो मी त्यात... नवा तुकडा बसवला अन् वरून पुन्हा तेल सोडलं मीच!" त्यांनी स्वतःच्याच कपाळावर थाप मारली. "मी बुजवलं तिला! जपून जपून मीच बुजवलं!"

आणि ते हसायला लागले. बाबा असे हसलेले मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. आप्पासाहेब हसले, तनुजा हसली, अमरेश सर शिस्त विसरून हसले. आईनं पदराची सेफ्टी पिन काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या. टोचा."

ठरलेला वेळ गेल्यावर बाबा घोडीशी गेले. सेफ्टी पिन त्या बारीक भोकात घालून फिरवली, फडक्याला पुसली, पुन्हा फिरवली. फडकं काळं आणि चिकट झालं. नवी टोपी लावून ते परत आले. या वेळी दोरी ओढताना त्यांचे डोळे सताड उघडे होते.

बार झाला.

तो आवाज कसा होता हे मला सांगता येत नाही. हल्लीच्या बंदुकांसारखा कडक नव्हता. जाड होता, पोटात बसणारा. पांढराशुभ्र धूर निघाला आणि घोडी, लक्ष्य, बांध, सगळं त्यात गेलं. दिवाळीचा वास आला. बांधामागून चिमण्यांचा थवा उडाला. मावशीनं "आई गं!" म्हणून मला मिठी मारली. तुळजाबाई हात जोडून उभ्या होत्या, आणि आप्पासाहेबांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं. ते पुसत नव्हते.

धूर विरायच्या आत बाबा घोडीपाशी पोचले होते. अमरेश सर मागून ओरडत होते, पण बाबांना ऐकू येत होतं कुठं? त्यांनी नळीवरून हात फिरवला, पुढून मागं, मागून पुढं. सरांनी घेर मोजला. बाराआधीचाच आकडा. रेघभरसुद्धा फरक नाही. बाबांनी मागं वळून, कान बधिर झालेला माणूस बोलतो तसं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं:

"आप्पासाहेब! अजून दारू हाय का?"

पोलिसात चौतीस वर्षं काढून, साहेबांनी आग्रह केला तरी ज्यानं थेंबाला हात लावला नाही, असा हा माणूस. आई म्हणाली, "आज काय काय बघायला मिळून राहिलं," आणि मघापासून दाबून ठेवलेलं हसू तिनं सोडून दिलं. लग्नाचा गैरसमज झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, आणि मग थांबेचना.

दुसरा बार झाला. तिसरा झाला. तिसऱ्यानं पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोटभर भोक पाडलं. तनुजानं परवान्याचा अर्ज तिथंच, जीपच्या बॉनेटवर ठेवून भरला. घेर तिन्ही वेळा तोच निघाला. अमरेश सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, आता खांद्याला लावायला हरकत नाही, कोण घेणार?

सगळ्यांनी तनुजाकडं पाहिलं. वारस तीच. पण तनुजानं पाहिलं बाबांकडं.

बाबांनी दोरी सोडवली. पट्टे काढले. रायफल घोडीवरून उचलली, भरली, ठासली. मग दस्ता खांद्याला लावला आणि गाल त्या सागाच्या जोडलेल्या तुकड्यावर टेकवला. चष्मा नाकावर घसरला होता, तो त्यांनी नीट केला नाही. मला एकाएकी भीती वाटली. घोडीला बांधलेली वेगळी. आता नळी आणि त्यांचा डोळा यांत वीतभर अंतर होतं. आप्पासाहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण अकरा वर्षं बारासाठी भांडलेला तो माणूस पुढं झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "निवृत्तीराव, राहू द्या. बघितलं की आपण. फुटली-बिटली तर?"

बाबांनी गाल हलवला नाही.

"फुटायची न्हाई," ते म्हणाले. "म्या केलीय ती."